साठ रुमाल

चतुराबाईच्या हाताला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिने शिवलेली गोधडी दिघीत कुठल्याही गॅलरीत वाळत पडली तरी लांबून ओळखू यायची, आणि उलटी टाकली असली तरी यायची, कारण तिचा धावदोरा दोन्ही अंगांनी सारखाच. जिभेला मात्र पुष्कळांनी नावं ठेवली होती. त्याचं तिला काही वाटत नसे. "जीभ देवानं दिली, तिचं त्याला इचारा. हात मी कमावलाय," एवढं बोलून ती सुईत दोरा ओवायला घ्यायची.

बुधवारी सकाळी तिने साठ पिवळे रुमाल बोचक्यात बांधले. चारी कडांना बारीक तुरपाई, आणि प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्याची चार पाकळ्यांची बुट्टी. बुट्टी कुणी सांगितली नव्हती. पण नुसता कोरा रुमाल लोकांच्या हातात द्यायचा म्हणजे तिला चेहऱ्याला नाक न काढल्यासारखं वाटलं असतं.

काम सुनेकडून आलं होतं. चाकणच्या पुढे खेडच्या वाटेवर जे नवं विद्यापीठ झालंय, तिथल्या ग्रंथालयात सून दिपाली पाच महिन्यांपूर्वी लागली होती. सहा महिने बघणार, मग ठेवायचं की नाही ते ठरवणार, असा तिथला नियम. "पुस्तकांवरची धूळ झटकायला सहा म्हैने परीक्षा?" असं चतुराबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती आणि त्यानंतरही अधूनमधून म्हणतच होती. सासूला आत्या म्हणायची त्यांच्याकडची रीत. दिपाली "हो आत्या" म्हणायची आणि बस गाठायला निघायची.

तर त्या ग्रंथालयात तिबेटी पुस्तकांचं नवं दालन उघडणार होतं. शुक्रवारी उद्घाटन, तिबेटी पाहुणे, त्यांचा नाच, लोणी घातलेला चहा, असा मोठा घाट. ग्रंथपाल परचुरे सरांनी आपल्या घोटीव अक्षरात चिठ्ठी लिहून दिली: 'तिबेटी दालनासाठी पिवळे सुती रुमाल, नग साठ, कडा शिवून.' तिथल्या मोठ्या बाई, नीलिमा मॅडम, म्हणत होत्या की पुण्याहून तयार मागवा, घरगुती बायकांच्या भरवशावर कार्यक्रम सोडू नका. तेव्हा दिपाली मध्येच बोलली होती, "मॅडम, माझ्या आत्यांच्या हातात दिलं म्हणजे झालंच समजा. जबाबदारी माझी." हे तिने घरी सांगितलं नाही, तिच्या नवऱ्याने, नवनाथने, आईला सांगितलं.  त्या दिवशी सुनेच्या भातावर तूप वाढताना चतुराबाईची धार जरा लांबली.

चिठ्ठीबरोबर पिवळ्या कापडाचा अख्खा ताका आला होता.

"केवढे रुमाल पायजेत?" चतुराबाईने विचारलं.

"सर म्हणाले, नेहमीचा असतो तेवढा. पण आत्या, एकदा येऊन बघून जाता का? रुमाल कशाला हवेत ते मलाही नीट कळलेलं नाही."

"साठ वर्सं झाली सुई धरून. आता रुमाल केवढा असतो त्ये इद्यापीठात जाऊन शिकू व्हय?"

दोन दिवसांनी दिपालीने पुन्हा विचारून पाहिलं. पुन्हा तेच उत्तर. अर्धं शिवण कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नाही हा चतुराबाईचा बाणा, त्यामुळे पुढे काय चाललंय ते सुनेला दिसलंच नाही.

साठ पाहुणे येणार, एकेकाच्या हातात एकेक रुमाल देणार, असं चतुराबाईने मनाशी धरलं. आपल्याकडे टॉवेल-टोपी देतात, त्यांच्याकडे रुमाल देत असतील. रुमाल झाले तरी ताका जवळजवळ अख्खाच उरला. एवढ्याशा कामाला एवढं कापड कशाला, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. पण मोठ्या ठिकाणचा कारभार, पाच जणांच्या पंगतीला पन्नास जणांची कणीक मळणारच, असं म्हणून तिने तो विषय मिटवला. कुणाच्या कापडातली चिंधीसुद्धा ती ठेवून घेत नसे. म्हणून बोचक्याबरोबर तिने तो ताकाही काखोटीला मारला आणि दिपालीबरोबर भोसरीच्या चौकातून विद्यापीठाच्या बसमध्ये चढली. वस्तू आपल्या हातांनी द्यायची. सुनेच्या हाती पाठवली तर कौतुक वाटेतच सांडतं.

ग्रंथालयाच्या दाराशी तिने चपला काढल्या.

"मावशी, चपला चालतात आत," वॉचमन म्हणाला.

"तुला चालत असतील. सरस्वतीच्या घरात मी पायतान घेऊन जाऊ?"

परचुरे सर किडकिडीत, पासष्टीचे, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी उठून नमस्कार केला, बोचकं सोडलं, वरचा रुमाल उचलला, उलगडला. मग दुसरा उलगडला. मग बोचक्यात खालपर्यंत हात घालून पाहिलं.

"वा, फारच सुंदर. हे नमुने का?"

"नमुने कसले? रुमाल हायत. साठ. मोजून घ्या."

सरांनी चष्मा काढला, हातातल्याच पिवळ्या रुमालाने पुसला, आणि आपण काय केलं हे कळल्यावर रुमाल असा खाली ठेवला, जसा काही तो तापला होता.

"अहो चतुराबाई, रुमाल म्हणजे... रुमाल!" त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले.

"एवढाल्या रुमालानं कुणाचं नाक पुसायचंय? हत्ती बलावलाय का उद्घाटनाला?"

जवळच्या टेबलावरच्या दोन पोरी हसल्या. सरांनी खाकरून खुलासा केला. पुण्यात जुन्या कागदांच्या दफ्तरात त्यांनी तीस वर्षं काढली होती. तिथे मोडी कागदांचे गठ्ठे ज्या मोठ्या चौकोनी फडक्यात बांधतात, त्याला रुमालच म्हणतात. अमुक कागद कुठे, तर अमुक नंबरच्या रुमालात. इथे साठ तिबेटी पोथ्या आहेत, त्या बांधायला साठ रुमाल हवे होते.

"पोथी बांधायला?" चतुराबाईचा आवाज वर चढला. "अवो त्याला बासन म्हणत्यात! बासन! माझ्या सासऱ्याची पोथी बासनातच हाय अजून. तुमी पोथी रुमालात बांधता, मग नाक कशात पुसता? बासनात?"

"बासन हाही शब्द आहे. बरोबर आहे तुमचं."

"हाय न्हवं? मग लिवताना शाई संपली व्हती का?"

असं बोलून ती वळली, तर मागे दिपाली उभी. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. शुक्रवार परवावर. जबाबदारी माझी, असं चार लोकांत म्हणून बसलेली पोर. चतुराबाईच्या काखेत ताका होता. तो एकाएकी जड लागायला लागला. कापड बघून किती जणांचं हे सांगणारी बाई आपण. अख्खा ताका समोर पडलेला, आणि आपण विचारलं नाही. सून दोनदा म्हणाली, तरी नाही.

हे ती मोठ्याने बोलली नाही. म्हणाली, "कुठं हायत त्या पोथ्या? दावा तरी."

आतल्या खोलीत लांबच लांब टेबल होतं आणि त्यावर वर्तमानपत्रं पांघरून ठेवलेली होती. एका प्राध्यापकाने आयुष्यभर जमवलेल्या ह्या पोथ्या, सर सांगत होते; तो गेल्यावर निगडीच्या प्राधिकरणातल्या त्याच्या बंगल्यातून घरच्यांनी त्या इथे दिल्या. जुनी फडकी कसरीने खाल्लेली, धरली की हातात भुगा. ती काढून टाकावी लागली.

टेबलाशी एक तिशी-पस्तिशीची बाई हातमोजे घालून बसली होती. गोल चेहरा, बारीक डोळे, केस घट्ट बांधलेले. ती हसून म्हणाली, "या ताई, बघा. बघायला काय लागत नाही."

चतुराबाई थबकली. "ही बोली मी ऐकलीय. पिंपरीत थंडीचे स्वेटर विकायला बसत्यात, त्यांची."

"माझी आई बसायची! दर थंडीला. मी पण यायची तिच्याबरोबर. मराठी तिथेच शिकली." तिचं नाव यांगचेन. कर्नाटकातल्या तिबेटी वस्तीत वाढलेली, आता ह्या पोथ्यांची यादी करायला तीन महिने इथे आलेली. "यांगचेन म्हणजे तुमची सरस्वती. तिलाच आम्ही यांगचेन म्हणतो."

"बघा," चतुराबाई मागे वळून दारातल्या वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उगाच न्हाई चपला काढल्या." मग यांगचेनकडे, "नवनाथला लहानपणी तुमच्यातलंच एक मरून स्वेटर आणलं व्हतं. अकरा वर्सं टिकलं."

"मग ते आमच्याच दुकानातलं, ताई. बाकीच्यांचं दोन वर्षं."

चतुराबाईला ती आवडली. जिभेला जीभ देणारी माणसं तिला कमी भेटत.

यांगचेनने वर्तमानपत्र उचललं. खाली लांबट, अरुंद, सुटी पानं. हातभर लांब, चार बोटं रुंद, एकावर एक रचलेली. शिवण नाही, पुठ्ठा नाही. वर एक लाकडी फळी, खाली एक. चतुराबाई पुढे वाकली.

"अगं बया. ह्या तर आपल्यासारख्याच. सुट्या पानांच्या. काय म्हणता ह्यास्नी?"

"पोति."

"मी मराठी न्हाई इचारलं. तुमच्यात काय म्हणत्यात?"

"तेच. पोति. तुमच्याकडूनच गेलेला शब्द आहे. पोथ्या गेल्या तशा शब्द पण गेला."

चतुराबाईने सरांकडे असं पाहिलं की, बघा, हिमालयापलीकडच्या माणसांनासुद्धा पोथी कळते आणि तुम्हाला बासन कळत नाही. सरांनी खिशातली पेनं सारखी केली.

"आन् उघड्या का ठेवल्या ह्या? गारठल्या की."

"म्हणून तर कापड पाहिजे. आमच्याकडे मोठ्या माणसाच्या कपड्यांना मानाचा वेगळा शब्द आहे. तुमच्या-माझ्या कपड्यांना तो नाही वापरत. पोथीच्या कपड्याला वापरतात."

"काय लिवलंय त्यात, एवढा मान हाय त्यो?"

यांगचेनने वरचं पान हलकेच उचललं. "प्रत्येकीत वेगळं. पण सुरुवात सारखी. 'ग्यागर के-दु', म्हणजे भारताच्या भाषेत, आणि पुढे पोथीचं संस्कृत नाव. मग 'पो के-दु', तिबेटच्या भाषेत, आणि तिबेटी नाव. इथून पोथी गेली, तिथे भाषा बदलली, पण आधी इथलं नाव सांगितल्याशिवाय पुढे वाचायचं नाही."

चतुराबाई पानावर आणखी वाकली. 

"म्हंजी आधी म्हायेरचं नाव सांगती," चतुराबाई म्हणाली, "आन् मग सासरचं."

यांगचेनने हातातलं पान खाली ठेवलं. "हे मी माझ्या वहीत लिहून घेऊ का, ताई?"

"घे की. नाव घालून लिव." मग तिने पानावर बोट धरलं, न टेकवता. "ह्यो ग दिसतोय."

"ग च आहे!"

चतुराबाई तिसरीपर्यंत शिकलेली, पेपरचे मथळे अक्षर अक्षर लावून वाचणारी. पण तिबेटी पोथीतला ग तिला वाचता आला, आणि तिने तो परचुरे सरांना, दिपालीला आणि दारातल्या वॉचमनला पुन्हा एकदा दाखवला. मग तिला कोपऱ्यातल्या एका पोथीचं टोक दिसलं. त्या एकाच पोथीला कसरीतून वाचलेलं रेशमाचं एक फडकं चिकटून राहिलं होतं. दुमडलेलं, वीतभर, फळीच्या तोंडाशी लोंबणारं.

"ह्ये काय लोंबतंय?"

"ते दोंगदर. तोंडाचं कापड. पोथ्या कपाटात आडव्या ठेवल्या की सगळ्यांची तोंडं सारखी. म्हणून हे बाहेर लटकवायचं, त्यावर अक्षर. पहिली पोथी क, दुसरी ख, तिसरी ग. असं तीस अक्षरं. एकतिसावी कि, मग खि, मग गि."

"बाराखडीच की ही. ग च्या फुडं घ?"

"घ आमच्यात नाही."

"घ न्हाई? मग घर कसं लिवता?"

यांगचेन हसली, पण लगेच नाही. "दुसऱ्या अक्षराने लिहितो, ताई. आणि तिकडच्या घराचे फोटो बघतो."

 चतुराबाईने दिपालीने मागोमाग आणलेल्या बोचक्यातला एक पिवळा रुमाल ओढला, तिरका दुमडला, आणि पोथीच्या तोंडाशी धरला. त्रिकोण बरोब्बर खाली लोंबला, बुट्टीचं टोक खाली. जुन्या रेशमाएवढाच, दोन बोटं इकडे-तिकडे.

"असली किती पायजेत?"

"साठ," यांगचेन म्हणाली. "ती आम्ही पुढच्या वर्षी करणार होतो."

"मग माझं पुढच्या वर्साचं काम झालंय," चतुराबाई म्हणाली. "ह्या वर्साचंच ऱ्हायलंय. दिपे, इंदुताईला फोन लाव. म्हणावं, आपल्या गोधडी मंडळाच्या सगळ्या जणी सुया घेऊन दुपारच्या बशीनं हितं या. कात्री माझी आणा, कपाटातली. दुसऱ्या कात्रीला हात लावू नका."

ताका तिथेच टेबलावर उलगडला. चतुराबाईने हात फिरवून पाहिलं. साठ बासनं निघतील, चार बोटं उरतील. परचुरे सरांनी मोजून, वर थोडं जास्तच आणलं होतं, एवढं तरी मान्य करायला हवं होतं. तिने केलं नाही.

"सगळ्या एका मापाच्या हायत का?"

"नाहीत, आत्या." दिपालीने कपाटातून एक जाड वही आणली. प्रत्येक पोथीला एक पान. लांबी, रुंदी, जाडी, पानं किती, कुठलं पान फाटलंय, कुठलं हरवलंय, फळी कुठे तडकलीय. बारीक, सरळ अक्षर. "चौतिसावी सगळ्यांत लांब आहे. आणि सतराव्या पोथीची फळी सुटी आहे, तिला कापड जरा जास्त धरा."

"वही न बघता सांगतीस?"

"पाच महिने हेच केलं, आत्या."

चतुराबाईने वहीची पानं उलटली. एक, दोन, दहा. कुठे खाडाखोड नाही.

"आन् धूळ?"

"धूळही झटकते."

चतुराबाईने वही मिटली, आणि मिटताना वरून हात फिरवला, जसा ती नव्या गोधडीवरून फिरवायची. "वाच मापं," ती म्हणाली. "मी कापते."

दुपारी इंदुताई आणि बाकीच्या सात जणी आल्या. दोन्ही कपाटांच्या मध्ये सतरंजी पडली. समोर भिंतीवर 'शांतता राखा' ही पाटी. दिघीच्या नऊ बायका एका जागी शांत बसल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पहिला तासभर इंदुताईने नुसत्या भुवयांनी गप्पा मारल्या. मग कुणीतरी हळूच विचारलं की ह्या पोथ्यांत आहे तरी काय, आणि यांगचेन खुर्ची सोडून सतरंजीवर येऊन बसली. एका पोथीत नुसती औषधं, कुठला पाला कुठल्या दुखण्याला. एकीत गोष्टी. एकीत व्याकरण. "आणि ही सूत्रांची," ती म्हणाली.

"सूत्र म्हंजी सूत?" चतुराबाईने मान वर न करता विचारलं. "दोरा?"

"दोराच. मुळात दोराच अर्थ आहे."

"मग बरुबर जागी आलोय आमी," चतुराबाई म्हणाली, आणि इंदुताई एवढ्या मोठ्याने हसली की पाटीकडे बघून तिनेच आपल्या तोंडावर हात ठेवला. अभ्यासाला आलेली पोरं खुर्च्या ओढून जवळ सरकली. एक पोरगी आईसारखी तुरपाई येते म्हणून बसली. तिचे चार टाके चतुराबाईने उसवले आणि पुन्हा घालायला लावले.

गुरुवारी दुपारी तीनला चाळीस बासनं झाली होती. वीस राहिली होती. नेमक्या तेव्हा नीलिमा मॅडम आल्या. उंच टाचांचा आवाज सतरंजीपाशी थांबला.

"परचुरे, हे काय? उद्या उद्घाटन आणि आज शिवणकाम चाललंय? ग्रंथालयात?"

सर उठले. "मॅडम, शब्दाचा जरा घोटाळा..."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, घरगुती लोकांवर सोडू नका. जबाबदारी कोणी घेतली होती?"

"मी, मॅडम," दिपाली म्हणाली. 

चतुराबाईच्या हातात सुई होती. ती तिने कापडात खोवली आणि उठली. गुडघे कुरकुरले, पण उठली.

"बाई, तिला इचारू नका. चूक माझी हाय."

सतरंजीवरच्या सुया थांबल्या. इंदुताई चतुराबाईला चाळीस वर्षं ओळखत होती. तिने हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

"ती दोनदा म्हणली, आत्या, येऊन बघून जा. मी म्हणलं, मला रुमाल शिकवतीस? अख्खा ताका घरात पडला व्हता, त्यो बघूनबी इचारलं न्हाई. ह्या सायबांनी चुकीचा शब्द लिवला, त्ये त्यांचं त्यांनी बघावं. पण माझ्या सुनेनं जबाबदारी घेतली, ती बरुबर घेतली. आज संध्याकाळच्या आत साठ बासनं हुतील. न झाली तर माझं नाव बदला."

 मॅडमनी तयार चवडीतलं एक बासन उचललं, उलटलं, सुलटलं. पुन्हा उलटलं. कडेवरून बोट फिरवलं.

"ह्याची उलटी बाजू कुठली?"

"हुडका," चतुराबाई म्हणाली. "घावली तर मला सांगा."

मॅडमनी आणखी एकदा उलटून पाहिलं. मग बासन चवडीवर ठेवलं, नीट, कडेला कड लावून. "परचुरे, ह्यांना चहा सांगा," एवढं म्हणाल्या आणि टाचांचा आवाज आला तसा गेला. साडेपाचच्या आत साठावं बासन पुरं झालं.

शुक्रवारी दालन फुलून गेलं. वर पिवळं, कपाटभर पिवळं, आणि प्रत्येक पोथीच्या तोंडाशी एक पिवळा त्रिकोण, त्यावर लाल बुट्टी आणि लाल दोऱ्याचं अक्षर. क पासून पुढे. अक्षरं यांगचेनने खडूने काढून दिली, चतुराबाईने आणि तिच्या मंडळाने घरी नेऊन रात्रीत भरली. ग चतुराबाईने कुणाला हात लावू दिला नाही.

तिबेटी वस्तीतून एक म्हातारे गुरुजी आले होते. ऐंशी तरी असतील. नाच झाला, भाषणं झाली. मग ते कपाटापाशी गेले, एक पोथी दोन्ही हातांनी बाहेर घेतली आणि तिच्यावर डोकं टेकवलं. चतुराबाई पाहत होती. तिचा सासरा अस्साच टेकवायचा. गुरुजींनी बासनावरून हात फिरवला आणि यांगचेनला काहीतरी विचारलं.

"विचारतायत, ह्यांना कपडे कोणी घातले?"

सगळ्यांनी चतुराबाईकडे बोट केलं. गुरुजी काठी टेकत आले आणि आपल्या हातातलं पांढरं रेशमी लांब वस्त्र तिच्या गळ्यात घातलं. चतुराबाईने वाकून नमस्कार केला, मग गळ्यातलं ते दोन बोटांनी उचलून परचुरे सरांकडे वळली.

"सायेब, ह्याला काय म्हणायचं, आत्ताच ठरवून घ्या. फुडं घोटाळा नको."

सर पहिल्यांदाच मोकळं हसले. "खाता म्हणतात त्याला. आणि हो, आणखी चाळीस पोथ्या यायच्या आहेत. मॅडमनी काल दिपालीच्या नेमणुकीच्या कागदावर सही केली. नोंदी तीच करेल. पुढेही तीच."

चतुराबाईने ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं आणि चहाचा पेला तोंडाला लावला. लोणी आणि मीठ घातलेला चहा. तिने घोट गिळला, पेल्यात पाहिलं, आणि आणखी एक घेतला. "ह्यो चहा न्हाई," ती यांगचेनला म्हणाली. "चांगलाय. पण चहा न्हाई."

गर्दी पांगल्यावर दिपाली ती जाड वही घेऊन बसली. प्रत्येक पोथीच्या पानावर खाली एक ओळ रिकामी होती. 'बासन शिवणाऱ्याचं नाव.' पहिल्या पानावर तिने पेन टेकवलं.

"थांब," चतुराबाई म्हणाली. "पोथी काय म्हणती? आधी म्हायेरचं."

दिपालीने पेन वर उचललं. नऊ वर्षं ती ह्या घरात होती. लग्नात सासूचं नाव बदललं असणार, तिच्या पिढीत सगळ्यांचंच बदलत. पण आधीचं काय होतं, हे विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

"काय होतं, आत्या?"

"दे हिकडं. मीच लिवते. तिसरीपतूर त्येवढंच लिवायला शिकले व्हते."

चतुराबाईने पेन मुठीत धरलं, सुई धरतात तसं नव्हे, काठी धरतात तसं. एकेक अक्षर थांबून थांबून. इं. द्रा. य. णी. मग वर रेघ ओढली, ती मात्र एका दमात आणि धावदोऱ्यासारखी सरळ.

पेन तिने सुनेपुढे केलं.

"आता सासरचं तू लिव, आडनावासकट. त्ये तुझंबी हाय."